महामार्गावर कारने धडक दिल्यानंतर : निष्काळजीपणाचा दावा कसा उभा करावा

विदर्भातील अनेक गावांची वस्ती महामार्गाच्या एका अंगाला आणि वहितीची शेती दुसऱ्या अंगाला आहे. रस्ता चौपदरी झाला तेव्हा गाव आणि शिवार यांच्या मधोमध दुभाजक आला. तेव्हापासून कास्तकाराला दिवसातून दोन-तीनदा, कधी बंडीने तर कधी मोटारसायकलवर, दुभाजक जिथे सोडलेला किंवा फोडलेला आहे तेथून रस्ता ओलांडावा लागतो, आणि नागपूर–हैदराबाद किंवा नागपूर–अमरावती मार्गावरची कार त्याच ठिकाणी भरधाव येते. धडक झाल्यावर घरावर जे कोसळते त्याला भरपाई नाही. परंतु कायद्याने जी भरपाई मिळू शकते, तिचा पाया पहिल्या दोन दिवसांत घातला जातो, आणि तोही बहुधा घरची माणसे दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेली असताना, दुसऱ्या कोणाच्या तरी हाताने. अशा दाव्यांचे कागद वाचताना मला वारंवार हेच दिसले आहे की दावा वकिलाच्या युक्तिवादावर जितका तरतो किंवा बुडतो, त्याहून अधिक तो तीन कागदांवर तरतो किंवा बुडतो : दवाखान्यातील पहिली नोंद, पोलिसांतील फिर्याद आणि घटनास्थळ पंचनामा. म्हणून या तीन कागदांविषयी येथे सविस्तर लिहिले आहे.

दवाखान्यातील पहिली नोंद

जखमीला हलवण्यासाठी १०८ वर आणि महामार्गावर असल्यास १०३३ वर फोन करावा. ११२ वर पोलिसांना कळवावे. या फोनची वेळ आणि रुग्णवाहिका पोहोचल्याची वेळ नोंदवली जाते आणि पुढे ती पुरावा म्हणून उपयोगी पडते. केंद्र सरकारने ५ मे २०२५ रोजी अधिसूचित केलेल्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीवर नेमलेल्या रुग्णालयात पहिले सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत, रोख पैसे न भरता उपचार होऊ शकतात. त्यामुळे दाखल करतानाच रुग्णालय या योजनेत आहे का, हे विचारून घ्यावे.

आता खरी गोष्ट. रात्रपाळीचे डॉक्टर घाईत विचारतात, काय झाले? जखमी बेशुद्ध असतो, भाऊ अजून पोहोचलेला नसतो, आणि सोबत आलेला शेजारी गोंधळून सांगतो, "गाडीवरून पडला जी." डॉक्टर केसपेपरवर तेवढेच लिहितात : दुचाकीवरून पडून जखमी. शेजाऱ्याच्या मनात काही वावगे नसते. आपल्याकडे कारने उडवले तरी बोलताना माणूस गाडीवरून पडला असेच म्हणतो. मात्र दोन वर्षांनी विमा कंपनीचे वकील हाच कागद उलटतपासणीत पुढे करतात आणि अपघात दुसऱ्या वाहनामुळे झालाच नाही, दुचाकी आपोआप घसरली, असा बचाव घेतात. म्हणून सोबत कोणीही असो, त्याने "कारने धडक दिली" हे शब्द स्पष्ट उच्चारावेत, क्रमांक ठाऊक असल्यास तोही सांगावा, आणि लिहिलेले वाचून दाखवण्याची विनंती करावी. नोंद चुकीची झाली असेल, तर दुसऱ्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी आणि पोलिसांच्या जबाबातही तसे नमूद करावे. ग्रामीण रुग्णालयातून सेवाग्रामला किंवा नागपूरच्या मेडिकलला रवानगी होते, तेव्हा पहिला केसपेपर मागे राहून जातो. त्याची प्रत सोबत घ्यावी, कारण पुढच्या प्रत्येक ठिकाणी हीच नोंद उतरवली जाते. दवाखान्याने अपघाताची नोंद वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण, म्हणजे एमएलसी, म्हणून केली आहे याचीही खात्री करावी.

फिर्याद आणि पंचनामा

फिर्याद शक्यतो ज्याने अपघात पाहिला त्याने द्यावी. पाहणारा कोणी नसेल तर नातेवाइकाने द्यावी, परंतु न पाहिलेली गोष्ट पाहिल्यासारखी सांगू नये. खोटा प्रत्यक्षदर्शी उभा करण्याचा सल्ला देणारे लोक प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी भेटतात, आणि असा साक्षीदार उलटतपासणीत कोसळला की खऱ्या पुराव्यावरचाही विश्वास उडतो. १ जुलै २०२४ पासून अशा गुन्ह्याची नोंद भारतीय न्याय संहितेखाली होते. अविचाराने वाहन चालवण्यासाठी कलम २८१, दुखापतीसाठी कलम १२५ आणि मृत्यूसाठी कलम १०६ लावले जाते. फिर्यादीत कार कोणत्या दिशेने येत होती, दुचाकी कोणत्या बाजूला होती, धडक कोठे बसली आणि धडकेनंतर चालकाने काय केले, हे चार मुद्दे यायलाच हवेत. "भरधाव वेगाने व हयगयीने" हे ठरावीक शब्द प्रत्येक फिर्यादीत असतात, त्यामुळे केवळ त्यांनी काही सिद्ध होत नाही.

घटनास्थळ पंचनामा म्हणजे त्या जागेचे शब्दांत केलेले चित्र होय. तपास अधिकारी दोन पंचांसमक्ष जागा पाहून दिशा, अंतरे, ब्रेकच्या खुणा, काचांचे तुकडे, रक्ताचे डाग आणि वाहनांची स्थिती लिहून घेतात. हा पंचनामा बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी होतो, तोपर्यंत वाहने बाजूला ओढलेली असतात, आणि जागेवर बोलायला फक्त कारचा चालक किंवा मालकाचा माणूस हजर असतो. मग "मोटारसायकलस्वार अचानक रस्त्यावर आल्याने" असे वाक्य पंचनाम्यात शिरते. वास्तविक पंचांनी डोळ्यांनी जे पाहिले तेवढेच पंचनाम्यात यायला हवे. अपघात कसा झाला हे पंचांनी पाहिलेले नसते. परंतु एकदा लिहिले गेलेले वाक्य पुसून काढायला वर्षे लागतात. म्हणून घरातील एका शांत डोक्याच्या माणसाने दवाखान्याऐवजी घटनास्थळी थांबावे, हा सल्ला कठोर वाटला तरी मी तो आग्रहाने देतो.

त्या माणसाने काय करावे? वाहने हलवण्यापूर्वी मोबाइलवर छायाचित्रे काढावीत : आधी दुरून, किलोमीटरचा दगड किंवा गावाची पाटी दिसेल अशी, आणि मग जवळून. ब्रेकच्या खुणेची लांबी पावलांनी मोजून कागदावर उतरवावी. खूण जितकी लांब, तितका वेगाचा मुद्दा भक्कम होतो. खूण अजिबात नसेल, तर चालकाने ब्रेक दाबलाच नाही, म्हणजे त्याचे लक्ष रस्त्यावर नव्हते, असे म्हणता येते. कारचा कोणता भाग चेपला आहे आणि दुचाकीला मार मागून बसला की बाजूने, हेही टिपावे. दुचाकीचे मागचे चाक दुमडलेले असेल, तर "अचानक आडवा आला" हा बचाव तेथेच लंगडा पडतो. दुभाजकातील ती फट, तेथे फलक किंवा दिवा आहे की नाही, गतिरोधकाची स्थिती आणि कडेला दिव्याविना उभे असलेले कापसाचे ट्रॅक्टर किंवा ट्रक, यांचीही छायाचित्रे असावीत. त्यानंतर जवळचा टोलनाका, पेट्रोल पंप आणि ढाबा येथील कॅमेऱ्यांतील चित्रण राखून ठेवावे, असा लेखी अर्ज ठाणेदारांना द्यावा. असे चित्रण काही दिवसांत पुसले जाते, म्हणून हा अर्ज त्याच दिवशी जायला हवा.

पोलिसांनाही कायद्याने वेळापत्रक घालून दिलेले आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत, भरपाईचे दावे चालवणाऱ्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जायचा असतो. या अहवालांच्या प्रती मागण्याचा अधिकार पीडिताच्या कुटुंबाला आहे. न्यायाधिकरण पोलिसांचा अहवालच अर्ज म्हणून विचारात घेऊ शकते, परंतु त्या भरवशावर स्वतंत्र अर्ज करण्याचे टाळू नये.

दवाखान्यात येणारी तडजोड

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कारमालकाकडची माणसे दवाखान्यात येतात. सोबत गावातला एखादा ओळखीचा माणूस असतो, हातात मुद्रांक कागद असतो आणि पाकिटात पन्नास हजार किंवा लाखभर रुपये असतात. उपचाराचे बिल वाढत असते, म्हणून घरचा माणूस "माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही" या मजकुराखाली सही करतो. माझे सांगणे एवढेच की पैशांची कितीही निकड असली तरी अशा मजकुरावर सही करू नये. त्या कागदामुळे दाव्याचा हक्क नेहमीच संपतो असे नाही, पण तपास थंडावतो, साक्षीदार पांगतात आणि विमा कंपनीच्या हातात आयते हत्यार पडते. कारमालकाला माणुसकीने मदत करायची असेल, तर त्याने ती थेट रुग्णालयाचे बिल भरून करावी, आणि ती घेताना कशावरही सही मागू नये. त्याची कार विम्याखाली असेल, तर मोठी भरपाई बहुधा त्याच्या खिशातून जातच नाही, ही गोष्ट त्यालाही समजावून सांगावी.

कोठे, कोणाविरुद्ध आणि किती दिवसांत

दावा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे दाखल होतो. हे काम जिल्हा न्यायाधीश आणि अतिरिक्त जिल्हा न्यायाधीश पाहतात. अपघात जिथे झाला ते ठिकाण, अर्जदार जिथे राहतो किंवा कामधंदा करतो ते ठिकाण, किंवा गैरअर्जदार, म्हणजे ज्याच्याविरुद्ध दावा आहे तो, जिथे राहतो ते ठिकाण, यांपैकी कोणतेही निवडता येते. म्हणजे अपघात तेलंगणाच्या हद्दीत झाला आणि कार हैदराबादची असली, तरी पांढरकवड्याकडच्या कुटुंबाला आपल्याच भागातील न्यायाधिकरणापुढे दाद मागता येते.

मुदत अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले हे बंधन १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. त्याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आहेत, परंतु त्यांच्या निकालावर आपल्या मुलांचे भवितव्य टांगून ठेवू नये. तेरवी झाली, पेरणी झाली, दिवाळी झाली, असे म्हणता म्हणता सहा महिने सरतात.

गैरअर्जदार म्हणून चालक, नोंदणीकृत मालक आणि विमा कंपनी या तिघांना घ्यावे. कार दुसऱ्याला विकली होती पण नाव चढवले नव्हते, असे सांगितले जाते, तेव्हा आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच जबाबदार धरला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. विम्याचा तपशील सरकारच्या एम-परिवहन अॅपवर वाहनाच्या क्रमांकावरून पाहता येतो. अर्जदारांमध्ये पत्नी आणि मुलांबरोबर मृताची आई आणि अवलंबून असलेले वडील यांचीही नावे असावीत. सासू-सुनेचे पटत नाही म्हणून आईला वगळण्याची चूक मी पाहिली आहे, आणि त्यामुळे वर्षभर लांबलेले प्रकरणही पाहिले आहे.

निष्काळजीपणा किती सिद्ध करावा लागतो

येथे फौजदारी खटल्याप्रमाणे संशयापलीकडचा पुरावा लागत नाही. कोणती बाजू अधिक संभवनीय आहे एवढेच न्यायाधिकरण पाहते. म्हणून चालक फौजदारी खटल्यात सुटला तरी दावा टिकतो, आणि पोलिसांनी उलट मृतावरच गुन्हा नोंदवला असेल तरी न्यायाधिकरण स्वतंत्रपणे विचार करते. दोषारोपपत्र चालकाविरुद्ध गेले असेल, तर त्याची प्रमाणित प्रत हा महत्त्वाचा आधार होतो.

विमा कंपनी बहुधा दोघांचीही चूक होती असे म्हणते आणि त्या प्रमाणात रक्कम कापून मागते. परवाना नव्हता किंवा दुचाकीवर तिघे होते, एवढ्यावरून मृताची चूक ठरत नाही. त्या गोष्टीमुळेच अपघात घडला हे कंपनीला दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ आणि २०२० च्या निकालांत म्हटले आहे. मागे बसलेल्या माणसाची स्थिती आणखी मजबूत असते. दोन वाहनांच्या चुकीने तो जखमी झाला, तर तो कोणत्याही एका वाहनाकडून संपूर्ण भरपाई मागू शकतो. कापूस वेचायला ट्रॉलीत बसून जाणाऱ्या मजुरांविषयी हे विशेष लक्षात ठेवावे. ट्रॅक्टरची विमा कंपनी "प्रवासी नेण्याची परवानगी नव्हती" म्हणून हात वर करू शकते, परंतु धडक देणाऱ्या कारच्या दृष्टीने ते मजूर त्रयस्थ आहेत, आणि कारची विमा कंपनी त्या कारणाने सुटत नाही.

कास्तकाराचे उत्पन्न

भरपाईचा हिशेब सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांनी घालून दिलेल्या रीतीने होतो. समजा, चौतीस वर्षांच्या कास्तकाराचे उत्पन्न महिना १२,००० रुपये सिद्ध झाले. स्वतःचा व्यवसाय असणाऱ्या चाळिशीखालील माणसासाठी भविष्यातील वाढ म्हणून ४० टक्के मिळवले की १६,८०० होतात. वर्षाचे २,०१,६०० झाले. पत्नी, दोन मुले आणि आई असे चौघे अवलंबून असल्याने मृताचा स्वतःचा खर्च म्हणून एक चतुर्थांश वजा होतो आणि १,५१,२०० उरतात. ३१ ते ३५ वयोगटासाठी गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला ज्या आकड्याने गुणायचे तो, १६ आहे, म्हणून २४,१९,२०० रुपये होतात. सहवासाचे नुकसान, अंत्यविधी आणि मालमत्तेचे नुकसान यांच्या ठरावीक रकमा त्यावर वेगळ्या मिळतात. आता याच माणसाचे उत्पन्न कागदाअभावी ८,००० धरले गेले, तर हाच हिशेब १६,१२,८०० वर येतो. फरक आठ लाखांहून अधिक आहे, आणि तो फरक काटापट्ट्यांच्या, म्हणजे माल वजन केल्याच्या पावत्यांच्या, एका गठ्ठ्यात असतो.

केवळ सातबारा देऊन भागत नाही, ही गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. जमीन तर मागे राहिलीच आहे, मक्त्याने दिली तरी तिचे उत्पन्न येत राहील, असा युक्तिवाद होतो आणि न्यायालये तो बऱ्याच अंशी मानतात. मग मृताची देखरेख आणि मेहनत यांचीच किंमत मोजली जाते. म्हणून त्या माणसाच्या हातांनी काय होत होते, हे दाखवावे लागते : तो स्वतः डवरणी-फवारणी करत होता का, भाड्याने ट्रॅक्टर चालवत होता का, दुसऱ्याची शेती मक्त्याने करत होता का, दूध घालत होता का, रब्बीनंतर जिनिंगमध्ये कामाला जात होता का. बाजार समितीच्या आणि जिनिंगच्या काटापट्ट्या, सातबाऱ्यावरील पीकपेरा, पीककर्जाचे खाते, डेअरीचे कार्ड, डिझेलच्या पावत्या आणि मक्त्याची चिठ्ठी एकत्र करावी. मागे एका घरी हे सगळे साखरेच्या पोत्यात, धान्याच्या कोठीमागे सापडले. काटापट्टीवरची शाई फिकी पडली होती, तरी तारीख आणि वजन वाचता येत होते. तेवढे पुरते. अशा कागदांची छायांकित प्रत आजच करून ठेवावी. घरकाम आणि शेतकाम करणाऱ्या स्त्रीचा मृत्यू झाला असेल, तर "उत्पन्न नाही" असे अर्जात कधीही लिहू नये. तिच्या श्रमाला पैशांत मूल्य आहे हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ च्या निकालात पुन्हा ठासून सांगितले आहे.

जखमीच्या दाव्यात अपंगत्वाची टक्केवारी जितकी महत्त्वाची, त्याहून त्या माणसाच्या कामावर झालेला परिणाम महत्त्वाचा असतो. प्रमाणपत्रावर पायाचे ४० टक्के अपंगत्व लिहिलेले असले, तरी ज्याला पुन्हा नांगरामागे चालता येणार नाही त्याचे कमाईतील नुकसान त्याहून कितीतरी अधिक असू शकते. म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष होणे आवश्यक आहे. औषधांची प्रत्येक पावती, नागपूरला नेल्या-आणल्याच्या गाडीभाड्याची चिठ्ठी आणि सोबत राहिलेल्या माणसाची बुडालेली मजुरी, यांचा हिशेब तारखेनुसार वहीत लिहावा.

दाव्याबाहेरचे तीन मार्ग

मृत व्यक्ती स्वतःच्या वाहनावर असेल, तर त्या वाहनाच्या विम्यात मालक-चालकासाठी १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण आहे का, हे पाहावे. ते कोणाच्या चुकीवर अवलंबून नसते. शेतकरी कुटुंबाला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूसाठी दोन लाख रुपये मिळू शकतात, आणि त्याचा प्रस्ताव तीस दिवसांत तालुका कृषी अधिकारी कार्यालयात जायला हवा. धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६१ खालील योजनेत मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये मिळतात, आणि त्यासाठी उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्या कार्यालयात चौकशी करावी.

चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख देणारे याच अधिनियमाचे कलम १६४ ही वेगळी बाब आहे. कंपनीने या कलमाखाली देऊ केलेली रक्कम स्वीकारली, तर कलम १६६ चा दावा संपुष्टात येतो. वरचा हिशेब एकदा मांडल्याशिवाय होकार देऊ नये.

वकील, लोकअदालत आणि हाती येणारी रक्कम

स्त्रिया, मुले, अपंग व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा किंवा १५१०० वर फोन करावा. मिळणाऱ्या भरपाईच्या टक्केवारीवर फी ठरवणे वकिलांच्या आचारनियमांत बसत नाही. कोरा धनादेश किंवा बँकेची सही केलेली कोरी पावती कोणालाही देऊ नये.

लोकअदालतीत तडजोड झाली तर पैसे लवकर मिळतात, परंतु त्या निवाड्यावर अपील नसते. म्हणून आपला आकडा कागदावर लिहून घेऊनच तेथे बसावे, आणि कंपनीचा आकडा त्याच्या जवळपासही नसेल तर नकार द्यायला कचरू नये. निकालात व्याज दिलेले आहे का आणि ते कोणत्या तारखेपासून, हे प्रत मिळताच तपासावे. रक्कम कमी वाटल्यास ९० दिवसांत उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे अपील करता येते.

अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, मुलांचा हिस्सा बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवण्याचा आदेश होतो. ही ठेव न्यायाधिकरणाच्या परवानगीशिवाय मोडता येत नाही किंवा तिच्यावर कर्ज काढता येत नाही. मात्र व्याज पालकाच्या खात्यात जमा करावे अशी विनंती करता येते, आणि मुलीला शिक्षणासाठी अमरावतीला किंवा नागपूरला पाठवायचे असेल, तर प्रवेशाची पावती जोडून त्यातून रक्कम काढण्याचा अर्ज करता येतो. ठेवीची पावती कोणाकडे आहे आणि ती कोणत्या तारखेला पूर्ण होते, हे मुलांच्या आईने स्वतःच्या हाताने वहीत लिहून ठेवावे.